अरवलीच्या खडकांचे आणि धातुकांचे वय

दिल्लीच्या टेकड्यांपासून गुजरातमधील पालनपूरपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली अरवली पर्वतरांग भारतातील सर्वांत प्राचीन पर्वतरांगांपैकी एक मानली जाते. तिचा बहुतेक भाग झिजून ठेंगणा झाला असून अबूच्या पठारावरील गुरुशिखर हे १,७२२ मीटर उंचीचे तिचे सर्वोच्च शिखर आहे. देशात निघणारे जवळजवळ सर्व जस्त आणि शिसे राजस्थानातील याच पट्ट्यातून मिळते. खेत्रीचे तांबे आणि देगाण्याचे टंगस्टन हेही येथलेच.

‘अरवली किती जुनी?’ हा प्रश्न मात्र दिसतो तितका सरळ नाही. या पर्वताचा पाया ज्या खडकांचा आहे ते एका काळातले, त्यांवर साचलेले गाळाचे थर दुसऱ्या काळातले, त्यांत वेळोवेळी घुसलेला शिलारस आणखी निराळ्या काळांतला. या सर्वांच्या कुशीत असलेली धातुके, म्हणजे धातू मिळविण्याजोगे खनिजसाठे, ज्या खडकात सापडतात त्याच वयाची असतील असेही नाही. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे आहे. अरवलीतील सर्वांत तरुण मोठा शिलारसप्रवाह त्याच्या अकरापटींहून अधिक जुना आहे, आणि सर्वांत जुना खडक सुमारे पन्नासपट.

ही वये ठरविण्याचे काम गेली सात दशके चालू आहे. त्यातून हाती आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, नकाशावर एकाच रंगाने दाखविलेले खडक एकाच काळातले नव्हते. नवा खनिजसाठा कोठे शोधावा, हे त्यावर अवलंबून असते.

नकाशा आधी, वय नंतर

अरवलीचा पहिला पद्धतशीर भूवैज्ञानिक नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ए. एम. हेरॉन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केला. मध्य राजपुतान्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. खडकांच्या थरांचा क्रम, त्यांच्या घड्या आणि एका थराचा दुसऱ्यावरील विसंगत बसाव पाहून त्यांनी तळापासून वरपर्यंत मांडणी केली. सर्वांत खाली पट्टिताश्मांचा पाया, त्यावर अरवली संघ, मग रायलो श्रेणी आणि सर्वांत वर दिल्ली संघ. ही चौकट इतकी भक्कम ठरली की आजही प्रत्येक संशोधक आपले मतभेद हेरॉन यांच्याच नावांच्या आधाराने मांडतो.

परंतु थरांचा क्रम म्हणजे वय नव्हे. अमुक थर तमुक थराच्या वर आहे, एवढेच क्रमावरून कळते. दोहोंत दहा कोटी वर्षांचे अंतर आहे की शंभर कोटींचे, हे त्यावरून सांगता येत नाही. या खडकांत जीवाश्मांचाही आधार जवळजवळ नाही, कारण त्यांतले बहुतेक खडक कवचधारी प्राणी उत्पन्न होण्यापूर्वीचे आहेत. काही डोलोमाइटांत सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या रचना दिसतात, पण त्यांच्यावरून काटेकोर काळ ठरत नाही.

पहिला विश्वसनीय आकडा १९४९ मध्ये आला. ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अजमेर-मेरवाड्यातील बिसुंदनी येथील पेग्मटाइट शिरांमधून मिळालेल्या युरॅनिनाइट या खनिजाचे वय ७३.५ कोटी वर्षे ठरविले. मापन उत्तम होते. गोंधळ झाला तो पुढे. त्या शिरा दिल्ली संघाच्या खडकांना छेदून गेलेल्या होत्या, म्हणून तो आकडा दिल्ली संघाला घडविणाऱ्या पर्वतनिर्मितीचे वय म्हणून अनेक वर्षे वापरला गेला. वस्तुतः शिरेचे वय हे शिरेचेच वय असते. ज्या खडकाला ती छेदते तो तिच्यापेक्षा जुना आहे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. किती जुना, याचे उत्तर मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

झिरकॉनचा कण

१९७० मध्ये ए. आर. क्रॉफर्ड यांनी राजस्थान आणि बुंदेलखंडातील खडकांची वये रुबिडियम–स्ट्रॉन्शियम पद्धतीने प्रसिद्ध केली, आणि चितोडगडजवळील बेड़च ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा असल्याचे प्रथम दिसून आले. पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी ही पद्धत पुष्कळ पुढे नेली. १९८४ मध्ये चौधरी, गोपालन आणि शास्त्री यांनी राजस्थानच्या प्राचीन खडकांच्या कालगणनेचा जो आढावा घेतला, तो दीर्घकाळ आधारभूत राहिला.

रुबिडियम–स्ट्रॉन्शियम पद्धतीची एक दुबळी बाजू आहे. ही मूलद्रव्ये अभ्रक आणि फेल्डस्पार यांसारख्या खनिजांत असतात, आणि खडक पुन्हा तापला किंवा त्यातून उष्ण द्राव वाहिले, तर ती सहज हलतात. घड्याळ बंद पडत नाही, ते चुकीच्या वेळेपासून पुन्हा सुरू होते. अरवलीसारख्या वारंवार तापलेल्या पर्वतात ही अडचण पावलोपावली येते.

यावरचा उपाय झिरकॉन या खनिजाने दिला. ग्रॅनाइटी शिलारस थंड होताना त्यात झिरकॉनचे बारीक स्फटिक बनतात. ते बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असतात. स्फटिक घडताना त्याच्या जाळीत युरेनियम सहज सामावते, पण शिसे सामावत नाही. त्यामुळे पुढे त्यात जे शिसे आढळते ते जवळजवळ सर्व युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून आलेले असते. शिवाय युरेनियमचे दोन समस्थानिक निरनिराळ्या वेगाने क्षय पावतात: युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे ७०.४ कोटी वर्षे. एकाच कणात अशी दोन घड्याळे चालतात. दोहोंची वेळ जुळली तर वय विश्वसनीय, न जुळली तर कणातून मधल्या काळात शिसे निसटले आहे असे समजते. झिरकॉन ९०० अंश सेल्सिअसच्या तापमानातही आपले शिसे सहसा सोडत नाही. पुढच्या काळात स्फटिकाभोवती नवी कड वाढली तर गाभ्याचे आणि कडेचे वय वेगवेगळे मोजता येते, कारण आयन सूक्ष्मशलाकेचा झोत काही मायक्रोमीटर रुंदीच्या जागेवर रोखता येतो.

याच तंत्राने १९९४ मध्ये वीडनबेक आणि गोस्वामी यांनी उदयपूरजवळच्या झामरकोटडा परिसरातील पट्टिताश्मातील झिरकॉनचे वय सुमारे ३२८ कोटी वर्षे मोजले. त्याआधी १९९० मध्ये गोपालन आणि सहकाऱ्यांनी समेरियम–निओडिमियम पद्धतीने त्याच भागातून ३३० कोटींचा आकडा दिला होता. दोन स्वतंत्र पद्धती, दोन वेगळी मूलद्रव्ये, आणि निष्कर्ष एकच. पर्वताच्या पायाचे वय येथे निश्चित झाले, आणि त्यावर फारसा वाद उरला नाही. मेवाडच्या जमिनीखाली असलेला हा तुकडा भारतीय भूखंडातील अतिप्राचीन तुकड्यांपैकी एक आहे.

धातुकाचे स्वतःचे घड्याळ

खडकाचे वय झिरकॉन सांगतो; जस्त-शिशाच्या धातुकात मात्र झिरकॉन बहुधा नसतोच. तेथे गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, कामी येते. झिरकॉन वय सांगतो कारण त्यात युरेनियम असते. गॅलेना सांगते कारण तिच्यात ते नसते.

पृथ्वीच्या खडकांत युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयामुळे शिशाचे २०६, २०७ आणि २०८ हे समस्थानिक सतत वाढत असतात. शिसे-२०४ मात्र क्षयातून निर्माण होत नाही, त्याचे प्रमाण स्थिर राहते. खडकातले शिसे उष्ण द्रावात विरघळून गॅलेनाच्या स्फटिकात बसले की युरेनियमशी त्याची संगत तुटते आणि ही वाढ तेथेच थांबते. त्या क्षणीचे प्रमाण स्फटिकात कायमचे गोठून राहते. पृथ्वीवरील शिशाच्या प्रमाणाचा काळानुसार आलेख माहीत असेल, तर गोठलेले प्रमाण आलेखावर कोठे बसते ते पाहून साठ्याचे वय काढता येते. ही कल्पना १९४६ मध्ये होम्स आणि फ्रिट्झ हाउटरमान्स यांनी स्वतंत्रपणे मांडली. १९७५ मध्ये स्टेसी आणि क्रेमर्स यांनी आलेख अधिक वास्तव केला.

अशा वयाला ‘प्रतिमान वय’ म्हणतात, आणि त्या शब्दातच इशारा आहे. शिसे एकाच उगमातून आले, हे गृहीत धरलेले असते. दोन-तीन निरनिराळ्या खडकांतले शिसे मिसळले असेल तर आकडा निरर्थक ठरतो. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन येथील गॅलेनाचे प्रतिमान वय ऋण येते, म्हणजे हिशेबानुसार ते धातुक अजून तयारच झालेले नाही! म्हणूनच प्रतिमान वयाला शेजारच्या खडकाच्या झिरकॉन वयाची साक्ष मिळाली तरच अभ्यासक निश्चिंत होतात.

भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा-आगूचा हा जगातील मोठ्या जस्तसाठ्यांपैकी एक. जुन्या खाणकामाच्या खुणा आणि गंजलेल्या खडकाचे उघडे पडलेले टोक यांच्या आधाराने तो १९७७ मध्ये उजेडात आला. दिल्ली विद्यापीठाचे मिहिर देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील गॅलेनाचे प्रतिमान वय सुमारे १८० कोटी वर्षे काढले. धातुक ग्राफाइटयुक्त अभ्रकी खडकात आहे. हा ग्राफाइट म्हणजे प्राणवायूविरहित समुद्रतळाशी साचलेल्या सेंद्रिय गाळाचा अवशेष, असा अर्थ लावला जातो. तळातील भेगांतून निघणाऱ्या उष्ण, धातुयुक्त पाण्यातून जस्त आणि शिसे गाळात बसले, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. नंतर हा सारा गाळ भूगर्भात खोल दाबला गेला, ६५० अंशांहून अधिक तापला आणि त्याचे पट्टिताश्मात रूपांतर झाले. जवळच्या संदमाता भागातील तीव्र तापलेल्या खडकांतील झिरकॉन सुमारे १७२ कोटी वर्षांचे वय दाखवितात. पुढे मोनाझाइट खनिजाच्या मापनांतून याच प्रदेशावर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या तापण्याचा ठसाही आढळला. धातुक घडल्यानंतर ते दोनदा शिजले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. तरीही गॅलेनातील शिशाच्या मूळ प्रमाणाने आपली जुनी ओळख राखली.

उदयपूरच्या दक्षिणेस असलेल्या जावरचे गॅलेना सुमारे १७० कोटी वर्षांचे प्रतिमान वय देते. जावरचे नाव अर्थात दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या रचून जस्ताची वाफ खाली उतरविण्याची आणि थंड करून गोळा करण्याची कला येथे औद्योगिक प्रमाणावर विकसित झाली होती. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि हवेत लगेच जळते, म्हणून ते मिळविणे अवघड. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियन यांनी जस्त गाळण्याचे एकस्व मिळविले ते १७३८ मध्ये. जावरच्या जुन्या खाणींतील लाकडी आधारांचे कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय सुमारे २,४०० वर्षे आहे, तर राजपुरा-दरीबा येथील लाकूड त्याहूनही जुने, तीन हजार वर्षांच्या पलीकडचे आहे. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. खाणीत उतरलेल्या माणसाचा काळ त्यातून कळतो. त्याने खणलेल्या धातुकाचा काळ मोजायला कोट्यवधी वर्षांची घड्याळे लागतात.

दुभंगलेला दिल्ली संघ

या सर्व मापनांतून सर्वांत मोठा धक्का बसला तो दिल्ली संघाच्या कल्पनेला. हेरॉन यांच्या नकाशात अलवर–खेत्रीपासून अजमेर, ब्यावर, राणकपूर आणि पुढे अंबाजीपर्यंतचे क्वार्ट्झाइट, चुनखडी आणि सुभाजा खडक एकाच संघात मोडत होते. डोळ्यांना ते सारखेच दिसतात.

राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, सिरोही जिल्ह्यातील डेरी आणि बनासकांठ्यातील अंबाजी येथे तांबे, जस्त आणि शिसे यांचे एकत्रित धातुक आहे. ते ज्वालामुखी खडकांच्या सान्निध्यात आहे, हे येथे महत्त्वाचे. कारण त्या रायोलाइटमध्ये झिरकॉन सापडतो. देब, थॉर्प आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रायोलाइटमधील झिरकॉनचे वय सुमारे ९९ कोटी वर्षे आले, आणि धातुकातील गॅलेनाचे प्रतिमान वयही तेवढेच. धातुक आणि ज्वालामुखी समकालीन आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे सिद्ध होणे कठीण. राणकपूर भागातील डायोराइट समेरियम–निओडिमियम पद्धतीने सुमारे १०० कोटींचा ठरला होता, आणि सेंदडा ग्रॅनाइटचे वय सुमारे ९७ कोटी आले. पश्चिम सीमेवरचा हा दक्षिण पट्टा म्हणजे त्या काळातील समुद्री ज्वालामुखींची रांग होती आणि ती नंतर अरवलीच्या जुन्या भागाला येऊन चिकटली, असे चित्र त्यातून उभे राहते.

उत्तरेकडे मात्र गोष्ट निराळी निघाली. झुंझुनू जिल्ह्यातील खेत्री तांबेपट्ट्यातल्या ग्रॅनाइटांची रुबिडियम–स्ट्रॉन्शियम वये १९७९ मध्ये सुमारे १५० कोटी आली होती. पंजाब विद्यापीठाच्या परमप्रीत कौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिरकॉन मोजले तेव्हा ती १७० ते १८५ कोटींपर्यंत मागे सरकली. रुबिडियमचे घड्याळ नंतरच्या द्रावांनी बिघडविले होते. येथे साधा तर्क निर्णायक ठरतो. जो गाळ १७० कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटने छेदला गेला आहे, तो त्याहून जुना असलाच पाहिजे. मग तोच गाळ १०० कोटी वर्षांच्या दक्षिणेकडील ज्वालामुखी थरांचा समकालीन कसा असेल? उत्तर दिल्ली आणि दक्षिण दिल्ली असे दोन वेगळे पट्टे मानण्याची प्रथा येथून रूढ झाली. दोहोंमधले अंतर सत्तर कोटी वर्षांच्या घरात आहे. पृथ्वीवर कवचधारी प्राणी आल्यापासून आजपर्यंतचा काळही याहून कमी आहे.

खाणशोधकाला या भेदाचा थेट उपयोग होतो. डेरीसारखे तांबे-जस्त शोधायचे तर सुमारे १०० कोटी वर्षांच्या ज्वालामुखी खडकांमागे जावे लागेल. आगूचासारखे जस्त हवे असेल तर भिलवाड्याच्या जुन्या ग्राफाइटी गाळाकडे वळावे लागेल. दोन्ही ठिकाणी पृष्ठभागावर दिसणारा गंजलेला खडक सारखाच असू शकतो.

खेत्रीच्या तांब्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तेथील तांबे ज्या गाळात आहे तो १७० कोटींहून जुना, शेजारचे ग्रॅनाइट १७० कोटींच्या आगेमागे. म्हणून तांबेही त्याच काळातले, असा समज होता. परंतु पट्ट्यात लोह ऑक्साइड, सोडियमने बदललेले ग्रॅनाइट आणि तांबे यांची सांगड दिसते, आणि ती खडक घडल्यानंतर बऱ्याच काळाने वाहिलेल्या उष्ण द्रावांकडे बोट दाखविते. धातुकाबरोबरच वाढलेल्या मोनाझाइटची अलीकडील मापने १०० कोटी वर्षांहून कमी वय देतात. म्हणजे तांब्याचा काही भाग तरी पुष्कळ उशिरा बसला. हा साठा एकाच घटनेतून निर्माण झाला की जुने तांबे नव्या द्रावांनी हलवून पुन्हा मांडले, याबाबत एकमत नाही.

शेवटचा शिलारस

अरवलीतील शेवटचा मोठा अग्निजन्य कालखंड पश्चिमेस उमटला. एरिनपुरा ग्रॅनाइट ८० कोटी वर्षांहून जुना आहे. माउंट अबूचा ग्रॅनाइट सुमारे ७६.५ कोटी वर्षांचा. याच सुमारास मारवाडात मालाणीचा प्रचंड रायोलाइट उद्रेक झाला. त्याचे खडक ५० हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशात पसरले असून त्यांची झिरकॉन वये ७५ ते ७७ कोटींच्या दरम्यान आहेत. जोधपूरचा मेहरानगड किल्ला याच खडकावर उभा आहे. तेथे रायोलाइटवर नंतरचा वालुकाश्म बसलेला स्पष्ट दिसतो आणि ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेली आहे. नागौर जिल्ह्यातील देगाणा येथील टंगस्टन साधारण याच कालखंडातील ग्रॅनाइटशी निगडित आहे. होम्स यांनी मोजलेल्या बिसुंदनीच्या शिराही याच शेवटच्या उष्णतेच्या आसपासच्या आहेत. १९४९ चा आकडा चुकला नव्हता, त्याचा पत्ता चुकला होता.

एक वाद अजून मिटलेला नाही, आणि तो खुद्द अरवली संघाच्या वयाचा आहे. झामरकोटडा येथील फॉस्फेटयुक्त डोलोमाइटाबरोबरच्या कार्बोनेट थरांत कार्बन समस्थानिकांचे असाधारण प्रमाण आढळते. जगात इतरत्र असे प्रमाण २०० कोटी वर्षांहून जुन्या थरांत दिसते, म्हणून संघाचा तळ तेवढा जुना मानावा असे काहींचे म्हणणे आहे. उलट जावरच्या गॅलेनाचे वय आणि गाळात वाहून आलेल्या झिरकॉन कणांची वये पाहणारे अभ्यासक संघाचा बराच भाग १७० ते १९० कोटींच्या आसपास आणतात. गाळातील सर्वांत तरुण झिरकॉन एवढेच सांगतो की गाळ त्याच्यानंतर साचला. नेमका केव्हा, हे ठरवायला थरांमध्ये सापडणारी ज्वालामुखी राख हवी, आणि अरवली संघात मोजण्याजोगी राख दुर्मीळ आहे.

पूर्वी असे नमुने मोजण्यासाठी कॅनडा, जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियाला पाठवावे लागत. आता हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्रातील राष्ट्रीय भूकालमापन सुविधा येथे समस्थानिकांची सूक्ष्म मापने होऊ लागली आहेत.